मंगळवारची सभा : ‘फ्रेंडली स्ट्रीट’ काव्यवाचन संस्थेची पन्नास वर्षे (१९७५–२०२५)

संस्थेचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम येते ते कोनशिलासमारंभाचे छायाचित्र, आणि त्यामागोमाग विश्वस्तांची यादी, देणगीदारांची नामावली व इमारत-फंडाचा जमाखर्च. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी जी ॲडलेड नगरी, तेथील ‘फ्रेंडली स्ट्रीट पोएट्स’ या संस्थेचा वृत्तान्त लिहिताना या सामग्रीचा फारसा उपयोग होत नाही. कारण ही संस्था कधी या सभागृहात तर कधी त्या, अशी बिऱ्हाडे बदलीतच पन्नाशीला पोहोचली आहे. तिच्या स्थावर मालमत्तेत मोडेल अशी वस्तू एकच, आणि ती म्हणजे महिन्यातला एक मंगळवार. त्या मंगळवारी सायंकाळी कवी आणि कवितेचे श्रोते एकत्र जमावयाचे, ज्याला वाचावयाचे असेल त्याने नाव द्यावयाचे, आपली पाळी येताच उठून वाचावयाचे आणि नंतर इतरांचे ऐकत बसावयाचे, एवढाच या संस्थेचा मूळ कारभार. नाव ‘स्नेहाची गल्ली’ अशा अर्थाचे असले तरी ती गल्ली नकाशात शोधण्याच्या भरीस वाचकांनी पडू नये. ती त्या सायंकाळपुरतीच अस्तित्वात येते.

लोकांसाठी खुले असलेले इतके दीर्घजीवी काव्यवाचन ऑस्ट्रेलियात दुसरे नाही, असे या सभेविषयी सांगितले जाते. ज्या देशात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवितेची मासिके आणि मंडळे उदंड जन्मली आणि त्यांतील बहुतेक दोन-चार वर्षांतच कालवश झाली, त्या देशात या सभेला हे दीर्घायुष्य कसे लाभले, हा प्रश्न पुढील मजकूर लिहिताना सतत समोर होता.

पूर्वपीठिका : १९७५ पूर्वीचे ॲडलेड

कर्नल विल्यम लाइट यांनी आखलेले, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे आणि चहूकडून उद्यानांचा पट्टा असलेले हे शहर कौर्ना लोकांच्या भूमीवर १८३६ नंतर उभे राहिले. सिडनीप्रमाणे ते शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या वसाहतीतून वाढले नाही, याचा अभिमान तेथील जुन्या घराण्यांना पुष्कळ काळ होता. प्रार्थनामंदिरांची संख्या मोठी आणि लौकिक सोवळेपणाचा, अशी या नगरीची ख्याती. परंतु ऑस्ट्रेलियन कवितेतील दोन मोठी वादळे याच सोवळ्या शहरात उठली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९३८ साली रेक्स इंगमेल्स या ॲडलेडच्या कवीने ‘जिंडीवोरोबाक’ नावाची चळवळ सुरू केली. कवीने इंग्लंडच्या ऋतूंचे आणि पक्ष्यांचे उसने वर्णन टाकून देऊन ऑस्ट्रेलियाच्या मातीचा आणि तेथील आदिवासींच्या परंपरेचा आधार घ्यावा, असा तिचा आग्रह होता. दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, मॅक्स हॅरिस या विद्यार्थिदशेतील तरुणाने ‘अँग्री पेंग्विन्स’ हे मासिक काढून अगदी उलट दिशेने, म्हणजे युरोपातील नवकाव्याकडे, तोंड फिरविले.

या मासिकाची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. अर्न मॅली या नावाच्या, पंचविसाव्या वर्षी निधन पावलेल्या एका मोटार-मेकॅनिकच्या कविता त्याच्या बहिणीने पाठविल्या म्हणून हॅरिस यांच्या हाती आल्या, आणि एका अज्ञात प्रतिभावंताचा शोध आपणांस लागला या आनंदात त्यांनी १९४४ साली मासिकाचा विशेषांक त्या कवीस वाहिला. थोड्याच दिवसांत उघड झाले की अर्न मॅली नावाचा कोणी कधी जन्मलाच नव्हता. जेम्स मॅकॉली आणि हॅरल्ड स्ट्यूअर्ट या दोन कवींनी नवकाव्याची टर उडविण्यासाठी हाताशी येतील त्या पुस्तकांतून शब्द उचलून तो आणि त्याची बहीण दोघांनाही घडविले होते. प्रकरण फजितीवर मिटले असते तर ठीक. परंतु ॲडलेडच्या पोलिसांनी त्या कवितांत अश्लीलता शोधून संपादकावर खटला भरला. एका अंमलदाराने साक्षीत, अमुक शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही, परंतु तो अश्लील असावा असे वाटते, अशा आशयाचे उद्गार काढले आणि न्यायालयाने हॅरिस यांस पाच पौंडांचा दंड ठोठावला. अस्तित्वात नसलेल्या कवीबद्दल खऱ्याखुऱ्या संपादकास शिक्षा झाल्याची उदाहरणे जगाच्या वाङ्मयेतिहासात फार नसावीत. या प्रकरणाने ऑस्ट्रेलियातील नवकविता कित्येक वर्षे दबून राहिली, असे अनेक टीकाकार मानतात. या दंडाचे स्मरण पुढे पुन्हा करावे लागेल.

युद्धोत्तर काळात हवा हळूहळू बदलली. १९६० पासून ॲडलेडचा कलामहोत्सव भरू लागला आणि त्याच्याच अंगाने ‘रायटर्स वीक’ हा लेखकसप्ताह सुरू झाला. १९७२ च्या सप्ताहास अमेरिकेचे ॲलन गिन्सबर्ग व लॉरेन्स फर्लिंगेटी आणि रशियाचे आंद्रेई वोझ्नेसेन्स्की उपस्थित होते. कविता ही उभे राहून, शरीराने आणि कंठाने म्हणावयाची गोष्ट आहे, याचा साक्षात्कार तेथील तरुणांना अशा पाहुण्यांनी घडविला. तिकडे मेलबर्नच्या कार्लटन भागात १९६७ साली उघडलेल्या ‘ला मामा’ या चिमुकल्या नाट्यगृहात कवी वाचन करू लागले होते. सिडनीत जॉन ट्रँटर आदी मंडळींची, पुढे ‘६८ ची पिढी’ म्हणून ओळखली गेलेली, फळी सिद्ध होत होती. आणि १९६४ सालीच कॅथ वॉकर, म्हणजे पुढे ज्यांनी ऊजरू नूनक्कल हे आपल्या लोकांचे नाव धारण केले त्या कवयित्रीचा, ‘वी आर गोइंग’ हा संग्रह प्रसिद्ध होऊन मूलनिवासी ऑस्ट्रेलियनांची कविता प्रथमच ग्रंथरूपाने देशापुढे आली होती. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९७० पासून डॉन डन्स्टन यांचे कलाप्रेमी मंत्रिमंडळ होते. केंद्रात गॉफ व्हिट्लम यांच्या सरकारने १९७३ साली साहित्यिकांस अनुदान देणारे मंडळ स्थापन केले होते. जमीन नांगरून तयार होती, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

पहिले दशक : १९७५ ते १९८५

१९७५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे ॲडलेडचे रस्ते जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात त्या दिवसांत, ऑस्ट्रेलियाच्या राजकारणात एक अभूतपूर्व घटना घडली. ता. ११ रोजी गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांनी लोकनियुक्त पंतप्रधान व्हिट्लम यांस एका पत्रान्वये बडतर्फ केले. लेखक-कलावंतांचा पाठीराखा समजले जाणारे सरकार असे एका दुपारी बरखास्त व्हावे, आणि त्याच महिन्यात कवींच्या या सभेचा आरंभ व्हावा, हा योगायोग संस्थेच्या जुन्या मंडळींना नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. सरकारे येतात आणि जातात, असा बोध यातून काढण्याचा मोह टाळून आपण संस्थापकांकडे वळू.

ते तिघे होते. अँड्र्यू टेलर हे ॲडलेड विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक आणि तोवर कवी म्हणून मान्यता पावलेले. इयन रीड हे न्यूझीलंडहून आलेले, तेही विद्यापीठीय. तिसरे रिचर्ड टिपिंग हे १९४९ साली जन्मलेले, वयाने सर्वांत धाकटे आणि वृत्तीने सर्वांत खोडकर. १९६८ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी ‘मॉक’ नावाचे एक बंडखोर मासिक चालविण्यात पुढाकार घेतला होता. पुढे रस्त्यावरील सरकारी सूचनाफलकांची अक्षरे बदलून त्यांतून कविता निर्माण करण्याबद्दल त्यांची ख्याती झाली. विमानतळाची दिशा दाखविणाऱ्या पाटीवरील एकदोन अक्षरांत फेरफार करून त्यांनी ‘एअरपोर्ट’चे ‘एअरपोएट’ केले, ही गोष्ट तिकडे सर्वश्रुत आहे. दोन अध्यापक आणि एक खोडकर तरुण, असे हे मिश्रण जमले म्हणूनच सभेस विद्यापीठातील व्याख्यानाचे स्वरूप आले नाही आणि मद्यगृहातील गोंगाटाचेही आले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सभेचा मुख्य नियम पहिल्यापासून एकच : मंच सर्वांस खुला. आपल्याकडील कविसंमेलनात निमंत्रितांची यादी अगोदर ठरते, अध्यक्ष एकेकाचे नाव पुकारतात आणि निमंत्रण नसलेला कवी श्रोत्यांत बसून आपल्या खिशातील वहीला हात लावीत राहतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने गावोगाव केलेल्या काव्यवाचनांनी महाराष्ट्रात कवितेचे श्रोते घडविले. परंतु तेथे मंचावर कोण बसणार याविषयी कोणास संशय नसे. ‘फ्रेंडली स्ट्रीट’मध्ये ही रेघच पुसली गेली. ज्याला इंग्रजीत ‘ओपन माइक’ म्हणतात त्या पद्धतीने कोणीही नाव द्यावे, प्रत्येकास मोजकी मिनिटे मिळावीत, आणि पारितोषिक-विजेत्या कवीनंतर आयुष्यात प्रथमच चार ओळी जुळविलेली एखादी व्यक्ती उभी राहावी, असे तेथे घडू लागले. याचा परिणाम म्हणून ऐकणाऱ्यास रटाळ कविताही पुष्कळ ऐकाव्या लागल्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु रटाळ कविता सभ्यपणे ऐकून घेण्याची सवय हीच या संस्थेची खरी तालीम ठरली. कारण जो दुसऱ्याचे ऐकून घेतो त्याला आपल्या कवितेतील रटाळ भाग आपोआप ऐकू येऊ लागतो.

दुसरा नियम १९७७ साली आला आणि तो पहिल्याहून अधिक दूरदृष्टीचा होता. त्या वर्षी ‘फ्रेंडली स्ट्रीट पोएट्री रीडर’ या वार्षिक संग्रहाचा पहिला भाग टिपिंग यांच्या संपादकत्वाखाली निघाला. संग्रहात कविता कोणती घ्यावयाची? तर वर्षभरातील सभांत जी प्रत्यक्ष वाचली गेली, तीच. कवी कितीही थोर असो, टपालाने कविता पाठवून संग्रहात जागा मिळविण्याची सोय त्यास नाही. आधी मंगळवारी येऊन लोकांसमोर उभे राहावे, मग छापील पानाची आशा धरावी. संपादकही तहहयात नसावेत, दरवर्षी नवे नेमावेत, अशी पद्धत पडली. त्यामुळे कोणाएकाची आवडनिवड ही संस्थेची सनद होऊन बसली नाही, आणि एका वर्षी डावलला गेलेला कवी पुढच्या वर्षी उमेदीने पुन्हा रांगेत उभा राहू शकला. ज्या मासिकांचे संपादक बदलत नाहीत ती संपादकांबरोबरच संपतात, हे आपणही अनुभवले आहे. या एका व्यवस्थेने संस्थेच्या आयुष्यात निदान वीस वर्षांची भर घातली असावी.

या दशकात सभेस येणाऱ्यांत एका व्यक्तीचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. जॉन जेफरसन ब्रे हे १९६७ ते १९७८ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश होते. ॲडलेड विद्यापीठाचे कुलपतीही होते. ग्रीक-लॅटिनचे व्युत्पन्न पंडित, रोमन इतिहासाचे अभ्यासक, आणि त्याचबरोबर पोशाखाविषयी व शिष्टाचाराविषयी इतके बेफिकीर, की त्यांच्या नेमणुकीने सनातनी मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या. हे गृहस्थ ‘फ्रेंडली स्ट्रीट’च्या सभांना येत, इतरांप्रमाणेच आपली पाळी आली की उठून आपल्या कविता व प्राचीन कवींचे अनुवाद वाचीत आणि पुन्हा इतरांमध्ये जाऊन बसत. ज्या शहराच्या न्यायासनाने १९४४ साली कवितेस पाच पौंडांचा दंड केला, त्याच शहराच्या न्यायासनावरील सर्वोच्च अधिकारपद भूषविलेला मनुष्य तीन-चार दशकांच्या आत विद्यार्थ्यांच्या आणि गृहिणींच्या रांगेत आपल्या पाळीची वाट पाहत बसला. संस्थेच्या कार्याचे मोजमाप करावयाचे झाल्यास सदस्यसंख्येच्या कोष्टकापेक्षा या एका दृश्याचा उपयोग अधिक होईल.

याच वर्षांत येथे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची नावे देशभर झाली. व्यवसायाने वैद्य असलेले पीटर गोल्ड्सवर्दी यांच्या ‘रीडिंग्ज फ्रॉम एक्लीझिॲस्टीझ’ या संग्रहास १९८२ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या केट लुएलिन यांचा ‘ट्रेडर केट अँड द एलिफंट्स’ हा पहिला संग्रह त्याच वर्षी संस्थेनेच प्रसिद्ध केला. वार्षिक संग्रहाबरोबर एकेका कवीची स्वतंत्र पुस्तके काढण्याची हिंमत संस्थेच्या अंगी एव्हाना आली होती. वैद्य, परिचारिका, न्यायाधीश, शिक्षक, नोकरी सुटलेले आणि नोकरी न लागलेले असे सर्व प्रकारचे लोक ज्या सभेत येत, तिच्या खुर्च्या मांडणारे, दारात बसून नाममात्र प्रवेशमूल्य घेणारे, हिशेब ठेवणारे आणि रात्री दिवे मालवून किल्ली परत करणारे हातही अर्थातच होते. त्या सर्वांची नावे येथे देणे शक्य नाही. पैकी काहींनी आयुष्यात एकही कविता वाचली नाही, आणि संस्था त्यांच्यावाचून एक हंगामही टिकली नसती.

दुसरे दशक : १९८५ ते १९९५

१९८५ साली ॲडलेडमध्ये साउथ ऑस्ट्रेलियन रायटर्स सेंटर स्थापन झाले. लेखकांना मार्गदर्शन, जागा आणि परस्परांचा सहवास मिळावा यासाठी उघडलेले ऑस्ट्रेलियातील हे पहिले केंद्र. त्याच्या मागोमाग इतर राज्यांत तशीच केंद्रे निघाली. लेखकांचा एकमेकांशी राबता असला पाहिजे, ही कल्पना या शहरात अगोदरच रुजलेली होती, आणि त्या रुजवणुकीत मंगळवारच्या सभेचा वाटा निःसंशय होता. सभेचा मुक्काम या काळात शहराच्या दक्षिण भागात, रीजंट स्ट्रीटवरील ‘बॉक्स फॅक्टरी’ या लोककेंद्रात बरीच वर्षे राहिला. खोक्यांच्या कारखान्याचे नाव मिरविणाऱ्या वास्तूत कवितांची सभा भरावी, यात टिपिंग यांच्या एखाद्या पाटीची आठवण यावी असा विनोद आहे खरा.

१९८६ हे वर्ष विशेष सुगीचे ठरले. केट लुएलिन यांनी सूझन हॅम्प्टन यांच्यासमवेत संपादिलेला ऑस्ट्रेलियन कवयित्रींचा बृहत्संग्रह पेंग्विन प्रकाशनाने काढला. तोवरच्या प्रातिनिधिक संग्रहांत पुरुषांच्या रांगेत मधूनच एखादे स्त्रीनाम दिसे; या ग्रंथाने ती वहिवाट मोडली आणि वसाहतकाळापासूनच्या स्त्रियांची कविता एकत्र आणून दाखविली. त्याच वर्षी जॅन ओवेन यांचा ‘बॉय विथ अ टेलिस्कोप’ हा पहिला संग्रह आला आणि त्याने पहिल्या संग्रहांसाठीचे मानाचे पुरस्कार पटकाविले. जेफ गुडफेलो यांचा ‘नो कॉलर्स, नो कफ्स’ हाही त्याच वर्षीचा. गुडफेलो हे बांधकामाच्या व्यवसायातून कवितेकडे आलेले. त्यांनी आपली कविता तुरुंगांत, शाळांत आणि प्रत्यक्ष इमारतींच्या बांधकामांवर जाऊन मजुरांपुढे वाचली. ओवेन यांच्या कवितेची नाजूक कलाकुसर आणि गुडफेलो यांची रस्त्यावरची रांगडी बोली ही दोन्ही एकाच मंचावरून ऐकावयास मिळत, आणि श्रोत्यांस त्यांपैकी एकीची निवड करावी लागत नसे.

शहरातील सर्वच कवींना ही खिचडी रुचत होती असे नाही. सिडनीहून १९८२ साली ॲडलेडला आलेले केन बोल्टन हे नव्या, प्रयोगशील, अमेरिकन वळणाच्या कवितेचे पुरस्कर्ते. चित्रकलेच्या प्रायोगिक संस्थेतील पुस्तकांचे दुकान सांभाळीत असताना त्यांनी आपली निराळी वाचनमालिका चालविली, आणि तीत निमंत्रित कवीच वाचीत. खुला मंच श्रेष्ठ की निवडक मंच, हा वाद त्या काळी झडला असल्यास नवल नाही. स्मरणिकेतील इतिहासात भांडणांस जागा देऊ नये, असा एक अलिखित दंडक आहे आणि तो मोडण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. शिवाय पन्नास वर्षे दरमहा कवी एकत्र येतात आणि भांडत नाहीत, असे लिहिले तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? एवढेच नमूद करावे की दोन्ही मंच चालू राहिले, काही कवी दोन्हीकडे दिसत, आणि जेमतेम दहा लाख वस्तीच्या शहरात कवितेच्या दोन निराळ्या शाळा नांदल्या.

१९९२ च्या सुमारास अँड्र्यू टेलर पर्थच्या एडिथ कोवन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. इतर दोघे संस्थापक त्याआधीच अन्यत्र गेले होते. संस्थापकांच्या प्रयाणानंतर संस्था डगमगते हा सार्वत्रिक अनुभव. येथे तसे झाले नाही. १९९३ साली जेरी क्रोल आणि बॅरी वेस्टबर्ग यांनी पहिल्या पंधरा वर्षांतील निवडक कविता ‘ट्यूजडे नाइट लाइव्ह’ या नावाने वेकफील्ड प्रेसतर्फे प्रसिद्ध केल्या. ग्रंथाच्या नावातच मंगळवार आला, हे योग्यच झाले. १९९५ साली ब्रे यांचे निधन झाले. संस्थेने त्यांच्या स्मरणार्थ वार्षिक संग्रहातील उत्कृष्ट कवितेस पारितोषिक ठेवले आणि त्यास त्यांच्याच ‘सातुरा’ या १९८८ च्या ग्रंथाचे नाव दिले. लॅटिनमध्ये देवापुढे ठेवावयाच्या नाना फळांच्या मिश्र थाळीस अनुलक्षून तो शब्द आहे, आणि सभेच्या एका रात्रीचे याहून नेमके वर्णन करणे कठीण.

तिसरे दशक : १९९५ ते २००५

नवोदितांना मंच मिळाला, वार्षिक संग्रहात एखादे पानही मिळाले. परंतु स्वतःचे पुस्तक निघेपर्यंत मधली वाट फार लांबची, ही अडचण आता ठळकपणे जाणवू लागली होती. १९९५ पासून ‘न्यू पोएट्स’ ही माला सुरू करून संस्थेने तिच्यावर उपाय काढला. ज्यांचे पुस्तक अद्याप निघालेले नाही अशा तिघांचे तीन छोटे संग्रह एकाच मुखपृष्ठाआड बांधावयाचे, अशी ही युक्ती. छपाईचा खर्च विभागला गेला, आणि एकाच्या आप्तेष्टांनी घेतलेल्या पुस्तकात दुसऱ्या दोघांनाही वाचक मिळाले.

१९९७ साली ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या रेडिओ नॅशनलवर ‘पोएटिका’ हा साप्ताहिक काव्यकार्यक्रम सुरू झाला. त्याचे सूत्रधार माइक लॅड हे ॲडलेडचे, तरुणपणापासून ‘फ्रेंडली स्ट्रीट’च्या परिवारातले कवी, आणि कार्यक्रमाची निर्मितीही ॲडलेडमध्येच होई. कविता आधी कानाने अनुभवावयाची, हा मंगळवारचा संस्कार आता आकाशवाणीच्या लहरींवरून पर्थपासून केर्न्झपर्यंतच्या घराघरांत पोहोचू लागला. शेकडो मैलांवर शेजारी असलेल्या शेतवाड्यांवरून आणि रात्रपाळीच्या मालमोटारींतून कविता ऐकणारे श्रोते या कार्यक्रमाने निर्माण केले असतील, तर त्याचे श्रेय मोजण्यास कोणते प्रवेशपुस्तक पुरणार आहे?

सभेतील भाषेचा सूरही या दशकात बदलला. चिलीतील पिनोशे यांच्या राजवटीत कारावास सोसून १९९० मध्ये ॲडलेडला आश्रयास आलेले हुआन गारिदो-साल्गादो हे स्पॅनिशभाषी कवी येथील वाचनांत दिसू लागले. इराकमधून परागंदा झालेले याह्या अस्-समावी हे अरबी कवीही याच शहरात स्थायिक झाले होते. ज्याची मातृभाषा सभेतील बहुसंख्यांस अवगत नाही असा कवी आपल्या भाषेत चार ओळी म्हणतो आणि मग त्यांचा इंग्रजी अनुवाद वाचतो, तेव्हा पहिल्या चार ओळींच्या वेळी सभागृहात जी शांतता पसरते तिचा दर्जा वेगळा असतो. ब्रिटिश वंशीयांच्या शहरातील एका काव्यमंडळाने हे ऐकण्याचे शिक्षण कोणत्याही सरकारी फर्मानावाचून घेतले.

चौथे दशक : २००५ ते २०१५

तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने संस्थेने ‘बेस्ट ऑफ फ्रेंड्स’ या नावाचा, तीन दशकांतील कवितांचा संकलनग्रंथ सिद्ध केला. या काळात देशभर स्पर्धात्मक काव्यवाचनाची, म्हणजे ‘स्लॅम’ची, लाट आली. दोन मिनिटांची मुदत, श्रोत्यांतूनच निवडलेले परीक्षक, गुणांचे फलक आणि आरोळ्या, असा तो उत्साही प्रकार. तरुणांचा ओढा तिकडे गेला आणि मंगळवारच्या सभेत पांढऱ्या केसांचे प्रमाण वाढले, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु सभेने गुण देण्याचा मोह टाळला.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कवितेच्या दृष्टीने या काळातील सर्वांत मोठी घटना ‘फ्रेंडली स्ट्रीट’च्या अंगणाबाहेर घडली, तरीही तिची नोंद येथे न करणे अन्यायाचे होईल. यांकुनिचाचारा वंशाच्या ॲली कॉबी एकरमन यांचा ‘लिट्ल बिट लाँग टाइम’ हा संग्रह २००९ साली, ‘रूबी मूनलाइट’ हे पद्यकथानक २०१२ साली आणि ‘इनसाइड माय मदर’ हा संग्रह २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूलनिवासी मुलांना त्यांच्या कुटुंबांपासून तोडण्याच्या सरकारी धोरणाचा घाव त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या सोसलेला. त्या स्वतः दत्तक दिल्या गेल्या होत्या आणि जन्मदात्या आईस पुष्कळ वर्षांनी भेटल्या. २०१७ साली त्यांना अमेरिकेतील येल विद्यापीठाचा १,६५,००० डॉलर्सचा विंडम-कॅम्बेल पुरस्कार जाहीर झाला. त्या वेळी त्या बेकार होत्या आणि ॲडलेडमध्ये एका कॅरॅव्हॅनमध्ये राहत होत्या. ऑस्ट्रेलियात कवितेवर किती प्रेम केले जाते आणि कवीस किती वेतन मिळते, या दोहोंतील अंतर त्या एका बातमीने सर्वांच्या नजरेस आणून दिले.

२०१४ च्या अखेरीस आर्थिक काटकसरीच्या नावाखाली ‘पोएटिका’ बंद करण्यात आली. अठरा वर्षांचा हा कार्यक्रम वाचविण्यासाठी कवींनी आणि श्रोत्यांनी निषेध केला, अर्ज-विनंत्या केल्या. परंतु हुकूम फिरला नाही.

पाचवे दशक आणि वर्तमान : २०१५ ते २०२५

वार्षिक संग्रहाने या दशकात चाळिसावा क्रमांक ओलांडला. २०२० च्या महामारीत सभागृहांस कुलुपे लागली आणि समक्ष येऊन वाचण्याच्या नियमावर उभ्या असलेल्या या संस्थेपुढे, नियम पाळावयाचा म्हणजे काय करावयाचे, असा चमत्कारिक पेच उभा राहिला. तोही काळ सरला. केंद्र सरकारने २०२३ च्या आरंभी जाहीर केलेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक धोरणात देशासाठी राजकवीचे पद निर्माण करण्याचे आश्वासन दिले. कवितेला सरकारी मान मिळावा याचे स्वागत सर्वांनीच केले पाहिजे. मात्र राजकवी कोण व्हावा याची चर्चा जिथे जिथे होईल, तिथे मंगळवारच्या सभेतील एखादा मिस्कील सभासद, ते पद सांभाळून तो राजकवी आपल्या पाळीपर्यंत थांबेल काय, असे विचारल्यावाचून राहणार नाही.

सभा आजही भरते. जागा पूर्वीप्रमाणेच बदलत आली आहे, संपादक बदलतात, कार्यकारी मंडळ बदलते. मंडळावरील सर्व काम विनावेतन चालते. राज्य सरकारच्या कलाखात्याकडून वेळोवेळी मिळालेली अनुदाने, विकलेल्या संग्रहांचे चार पैसे आणि दारातील वर्गणी यांवर छपाईचा व जागेचा खर्च भागविण्यात आला. आगामी वार्षिक संग्रहात आपली कविता यावी अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी मंगळवारी वेळेवर येऊन दारातील यादीत नाव घालावे आणि पाळी येईपर्यंत बसावे. ज्यांची तशी इच्छा नसेल त्यांच्यासाठीही खुर्च्या मांडलेल्या असतात.